शनिवारी पुसलेली वजनं

१ फेब्रुवारी, रविवार

मुलीनं आज सांगितलं. जेवण झालं होतं आणि मी ताट उचलायच्या बेतात होतो. तिला माझी सवय ठाऊक आहे. एकदा ताट उचललं की मी दुकानाच्या खोलीत जातो आणि मग कुणाचं काही कानावर घेत नाही.

"बाबा, मी आणि तो लग्न करतोय."

"तो कोण?" मी विचारलं. मला माहीत होतं. पण सांगायचं तर माणसानं नीट सांगावं.

"तुम्ही ज्याला बॅटरीवाला म्हणता, तो."

हे नाव मीच दिलं आणि बाजारात ते रुळलं. तो इलेक्ट्रॉनिक काटे विकतो. चपटा पांढरा डबा, त्यावर लाल आकडे. त्याला ना दांडी, ना पारडी. बॅटरी उतरली की मुका. मी तराजू दुरुस्त करतो आणि वजनं बिनचूक करून देतो. हे मला कुणी शिकवलं नाही. लहानपणी भंगारात सापडलेला एक तराजू खोलून पुन्हा जोडला, आणि जोडल्यावर तो आधीपेक्षा खरा झाला. तेव्हाच कळलं की हे काम आपलं. बाजार मला काटेमास्तर म्हणतो. शाळा अर्ध्यात सुटली, पण मास्तर झालो.

"लग्नानंतर त्याच्या शहरात राहू," ती म्हणाली. "तिथल्या रुग्णालयात मला नर्सची जागा मिळतेय."

ते शहर बसनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर आहे.

"प्रार्थना करून सांगतो," मी म्हटलं.

"करा ना. पण बाबा, मी विचारत नाहीये. सांगतेय."

दुकानाच्या खोलीत जाऊन स्टुलावर बसलो आणि प्रभूला सरळ विचारलं. पाल्हाळ लावणं मला जमत नाही. उत्तर तिथल्या तिथे आलं. छातीत एकदम जड झालं, कुणी दगड ठेवावा तसं. आतून असं जड झालं की देव 'नको' म्हणतोय, हे मी अनुभवानं शिकलोय. पलीकडे ती भांडी घासता घासता गाणं गुणगुणत होती. ते ऐकून आणखी जड झालं. म्हणजे शंकाच नको.

३ फेब्रुवारी, मंगळवार

औषधवाला सकाळीच दुकानात हजर. त्याच्याकडे दोन काटे आहेत. एक माझा लहान तराजू, दुसरा बॅटरीवाल्याकडून घेतलेला डबा. पावडर दोन्हीवर तोलली तर जुळत नाही.

"मास्तर, खरं कुणाचं मानू?"

"हा काय प्रश्न झाला?" मी म्हटलं, आणि माझी वजनांची पेटी घेऊन त्याच्या दुकानात गेलो. माझी वजनं पितळी आहेत. लाकडी पेटीत मखमलीचे खळगे आहेत आणि प्रत्येक वजन आपापल्या खळग्यात बसतं. बाजारातलं झाडून सगळं काम याच वजनांवर बेतलेलं आहे. कुणाचं वजन हलकं पडलं तर मी त्याच्या तळाच्या खड्ड्यात शिसं भरतो आणि माझ्या वजनाशी मिळवतो. जड निघालं तर शिसं खरवडतो.

माझं पाचशेचं वजन त्या डब्यावर ठेवलं. लाल आकडे हलले, थरथरले आणि पाचशेच्या खालीच अडकले. उचलून पुन्हा ठेवलं. तेच.

"बघ. यंत्र कमी दाखवतंय."

"म्हणजे मी लोकांना जास्त देत होतो?"

"देत होतास."

"मेलो!" औषधवाला म्हणाला. "तरीच म्हटलं, गर्दी का वाढतेय."

दुकानाबाहेर पडताना मन हलकं झालं. अगदी पिसासारखं. रविवारी जड होण्याचं कारण आता उघड झालं. जो माणूस खोटा काटा विकतो त्याच्या घरात देव माझी मुलगी कशी जाऊ देईल? त्यानं आधी मनात घातलं, मग पुरावा दाखवला. तो असाच करतो.

५ फेब्रुवारी, गुरुवार

बॅटरीवाला दुकानात आला. दारातच थांबला. उंच आहे, चौकटीला डोकं लागेल म्हणून वाकतो. लोकांना तो नम्रपणा वाटतो.

"काका, औषधवाल्यांनी बोलावलं होतं. यंत्र कमी दाखवतं म्हणाले. तुम्ही कशावर तपासलंत?"

मी पेटी उघडून समोर ठेवली. त्यानं पाचशेचं वजन उचललं. तळहातावर घेतलं, उजेडात फिरवलं. वरचे आकडे पुसट झालेत, त्यांवरून अंगठा फिरवला.

"फारच स्वच्छ आहेत हो," तो म्हणाला.

"दर शनिवारी पुसतो. राख, लिंबू आणि मऊ कापड. तुझ्या डब्याला पुसायचं म्हटलं तर काय पुसणार?"

तो हसला नाही. वजन परत खळग्यात ठेवलं आणि खळग्याकडे बघत राहिला.

"काका, ही शेवटची कुठून तपासून आणली होती?"

"तपासून?" मी म्हटलं. "बाबा रे, या बाजारात सगळे आपापली वजनं माझ्याकडे घेऊन येतात. मी कुणाकडे जाऊ?"

पूर्वी वजनमाप कार्यालयाचा माणूस फिरतीवर यायचा. तो यायचा बंद झाला आणि मीही काही त्याच्या मागे लागलो नाही. त्याला दांडीची धार कशी घासतात एवढंही ठाऊक नव्हतं.

बॅटरीवाल्यानं पेटीचं झाकण अलगद लावलं. मग म्हणाला, "बरं. औषधवाल्यांना दुसरं यंत्र देतो."

म्हणजे कबूलच केलं. माणूस खरा असता तर भांडला असता. संध्याकाळी मुलीला हे सगळं सविस्तर सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणखी काय म्हणाला तो?"

"आणखी काय म्हणणार? वजनं स्वच्छ आहेत म्हणाला."

तिनं खुंटीवरची किल्ली घेतली. मग ड्यूटीवर निघून गेली.

७ फेब्रुवारी, शनिवार

वजनं पुसली. हे काम मी कुणाला देत नाही. बायकोच्या हयातीतही दिलं नाही. ती म्हणायची, "माझ्या अंगावरून कधी एवढ्या मायेनं हात फिरवला नाही तुम्ही." चेष्टा करायची तिला सवय होती.

मोठ्यापासून सुरुवात करायची आणि लहानाकडे यायचं. राख चाळून घ्यायची, नाहीतर ओरखडे येतात. कापड काळं होत जातं आणि पितळ उजळत जातं. शनिवारी संध्याकाळी या खोलीत पेटीइतकं उजळ दुसरं काही नसतं.

पेटीतल्या खळग्यांत वजनं जरा सैल हलताहेत. मखमल जुनी झाली असणार. खाली कागदाच्या घड्या घातल्या, आता घट्ट बसतात.

८ फेब्रुवारी, रविवार

आज चर्चमध्ये लग्नाची पहिली सूचना वाचली. आमच्या मंडळीत लग्नाआधी सलग तीन रविवार दोघांची नावं वाचतात आणि विचारतात की कोणाची रास्त हरकत असेल तर त्यानं उभं राहून सांगावी. मुलीनं परस्पर पाळकबाईंना भेटून हे ठरवलं होतं. नाव वाचलं तेव्हा सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी गीतांच्या पुस्तकाची शिवण बघत होतो. सुटत आलीय.

नंतर पाळकबाईंचा उपदेश झाला, तोही नेमका मनावर. त्या म्हणाल्या, "मन देवानंच दिलंय, ते काही टाकून द्यायची वस्तू नाही. पण मन साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. आणि हा साक्षीदार आपल्याच घरचा आहे. मालकाला काय आवडतं ते त्याला चांगलं ठाऊक असतं."

मुद्दा चांगला मांडला. मुलगी नीट ऐकतेय ना, हे पाहायला मी मागे वळलो. ती माझ्याकडेच बघत होती.

सगळे पांगल्यावर पाळकबाईंना गाठलं. त्या खुर्च्या रचत होत्या. दोन मीही रचल्या. त्यांची रचना तिरकी होती, ती सरळ केली.

"ही सूचना थांबवा," मी म्हटलं.

"कारण?"

"हे होऊ नये असं देवानं माझ्या मनात घातलंय. आणि पुरावाही दिलाय." डब्याची हकीगत सांगितली.

त्यांनी खुर्ची खाली ठेवली. "काटेमास्तर, एक विचारू? तुम्हाला नको असलेली गोष्ट देवानं शेवटची कधी तुमच्या मनात घातली?"

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्हाला करायची नव्हती, जिवावर आली होती, आणि तरी आतून आवाज आला की हे कर."

मी म्हटलं, आठवून सांगतो.

घरी येईपर्यंत आठवत होतो. मुळात प्रश्नच चुकीचा आहे. माझं आणि देवाचं जुळतं, यात माझा काय दोष?

११ फेब्रुवारी, बुधवार

मुलगी घरी असली तरी आवाज नसतो. रात्रपाळीहून येते, किल्ली खुंटीला लावते, झोपते. उठल्यावर सूप करते, तेही मला हवं तसं, गाजर बारीक चिरून. मग दोघं समोरासमोर बसून चमच्यांचे आवाज ऐकतो.

आज मीच बोललो. "तुझ्यावर माझा राग नाही. मी फक्त मिळालेला निरोप सांगतोय."

"कुणाचा निरोप?"

"देवाचा."

तिनं चमचा ठेवला. "बाबा, मी गेल्यावर तुम्हाला एकटं पडायची भीती वाटते, एवढं सरळ म्हणा ना. मी ऐकेन. बसून बोलू, काहीतरी वाट काढू. पण त्यात देवाला कशाला ओढता? देवाशी मी भांडू कशी?"

"भीतीबिती काही नाही मला," मी म्हटलं. "रेडिओ आहे."

ती हसायला लागली. हसता हसता डोळे पुसायला लागली. यात हसण्यासारखं काय होतं ते मला समजलं नाही. रडण्यासारखं तर त्याहून नाही.

भीतीचा प्रश्नच येत नाही, हे इथे लिहून ठेवतो. हिची आई गेली तेव्हाही मी दुसऱ्याच दिवशी दुकान उघडलं होतं. कामात मन लागतं. कामातून उठल्यावरचा थोडा वेळ सोडला तर काही अडचण नसते.

१५ फेब्रुवारी, रविवार

दुसरी सूचना. "कोणाची रास्त हरकत असेल तर," पाळकबाई म्हणाल्या आणि थांबल्या. इतर वेळी इतक्या थांबत नाहीत. माझे हात पुढच्या बाकावर होते, पाय उठायच्या तयारीत. बॅटरीवाला दोन रांगा पुढे बसला होता, त्याची मान दिसत होती. केस कापून आला होता, एक बाजू खालीवर झालेली. मुलगी त्याच्या शेजारी नव्हती, माझ्या शेजारी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. श्वास मात्र रोखून धरला होता, ते मला कळलं. लहानपणी इंजेक्शनच्या वेळी ती असाच धरायची.

उठलो नाही. घाबरलो म्हणून नव्हे. चारचौघांत एखाद्यावर खोटेपणाचा आरोप करायचा तर तो वाऱ्यावर करू नये. उद्या कुणी म्हणेल, मास्तरांची वजनं कशावरून खरी? असं विचारायची कुणाची छाती नाही, पण कागद हातात असावा. तेव्हा या आठवड्यात पेटी घेऊन वजनमाप कार्यालयात जायचं, शिक्कामोर्तब करून आणायचं आणि तिसऱ्या रविवारी तो कागद घेऊन उभं राहायचं. काम पक्कं व्हायला हवं.

हे ठरवल्यावर आतून फार शांती वाटली.

१८ फेब्रुवारी, बुधवार

कार्यालय दुसऱ्या गावात आहे. पेटी बसमध्ये मांडीवर घेतली. शेजारच्यानं विचारलं, "व्हायोलिन का?" मी म्हटलं, "त्याहून नाजूक."

काचेची खोली होती. आत एक बाई, मुलीहून थोडी मोठी, हातात पांढरे हातमोजे. मला बाहेरच थांबवलं. माझ्या अंगाची ऊब तराजूला लागते म्हणे. हे मला आवडलं. काम जाणणारी बाई होती.

तिनं पाचशेचं वजन चिमट्यानं उचललं, एका पारड्यात ठेवलं, दुसऱ्यात तिचं वजन ठेवलं. काट्याकडे बघितलं. वजनांच्या जागा बदलून पुन्हा बघितलं. मग दोनशेचं. मग शंभराचं. काचेतून मला सगळं दिसत होतं. काटा प्रत्येक वेळी त्याच बाजूला जात होता. मला वाटलं, तिची दांडी बिघडलीय. काचेवर टकटक केली.

ती बाहेर आली. "काका, ही कशानं पुसता?"

"राख आणि लिंबू. चाळलेली राख."

"कधी कधी?"

"कधी कधी नाही. दर शनिवारी."

तिनं वजन माझ्यापुढे धरलं. "फार जपलीत तुम्ही. पण दर वेळी कापड काळं होतं ना? तो काळेपणा म्हणजे मळ नव्हे. तो पितळ आहे. वजनातूनच निघालेला."

"पुन्हा तोला," मी म्हटलं.

तिनं पुन्हा तोललं. चिडली नाही. सगळी वजनं हलकी. मोठी जास्त, लहान कमी, पण सगळी.

"हे कसं शक्य आहे? माझ्या दुकानात सगळी जुळतात."

"जुळणारच. सगळी तुमच्याच हाताखालची. एकत्र झिजली, म्हणून एकमेकांना धरून राहिली." मग हळू आवाजात म्हणाली, "काका, वाईट वाटून घेऊ नका. आमची वजनं आम्ही हातानंही धरत नाही. तरी ठरलेल्या मुदतीनं वरच्या कार्यालयात पाठवावीच लागतात."

"तुमचीसुद्धा?"

"आमचीसुद्धा. इथे पेटीत बसून त्यांना कसं कळणार, आपण हलके झालोय ते?"

वजनं नीट करायला तिथेच ठेवून घेतली. रिकामी पेटी घेऊन परतलो. बसमध्ये कुणी काही विचारलं नाही.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

दुकान उघडलं नाही.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

मुलीला काही सांगितलं नाही. आधी बाजारात गेलो. माझ्या हातून ज्यांची वजनं गेली त्यांना सांगणं भाग होतं. माझं हलकं, म्हणजे त्यावर मिळवलेली त्यांची हलकी, म्हणजे गिऱ्हाइकाला कमी.

किराणावाल्यानं ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "काय सांगता मास्तर! आणि मला वाटत होतं, दुकानाला बरकत आहे ती बायकोच्या प्रार्थनेनं."

शेजारचा मासळीवाला म्हणाला, "मग आता मास्तरांची प्रार्थना बंद, आणि आमची बरकतही बंद." सगळे हसले. कुणी शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी प्रत्येकाला सांगितलं, वजनं आणून द्या, कार्यालयातून करून आणतो. प्रत्येकानं म्हटलं, राहू द्या हो, आता सावकाश डबाच घेऊ.

औषधवाल्याकडे शेवटी गेलो. तो ऐकून दचकला नाही.

"तुला माहीत होतं?"

तो काउंटरवरची धूळ पुसायला लागला. धूळ नव्हती. "मास्तर, बोलू का? बॅटरीवाल्यानं त्याच दिवशी स्वतःची शिक्क्याची वजनं लावून दाखवली. यंत्र बरोबरच होतं. तरी बदलून दिलं."

"का?"

"मीही हेच विचारलं. म्हणाला, मास्तरांचा शब्द या बाजारात चालतो, तो माझ्या तोंडून खोटा पडायला नको. ते स्वतः जातील तपासायला. आणि तोवर सगळं डब्यावरच तोला म्हणाला, तराजूवर नको. कुणाला सांगू नका असंही म्हणाला. मी सांगितलं, चुकलं का?"

मी म्हटलं, नाही चुकलं.

२१ फेब्रुवारी, शनिवार

पुसायला काही नाही. कापड धुऊन वाळत घातलं. राखेचा डबा धुतला. मग स्टुलावर बसून राहिलो.

त्या दिवशी छाती जड झाली होती, आज पुन्हा झाली. तसंच जड, त्याच जागी. फरक इतकाच की आज त्याच्यापुढे देवाचं नाव लावायचं धाडस झालं नाही. नाव काढून टाकल्यावर काय उरतं ते पाहिलं. पलीकडे मुलगी पेटीत कपडे भरत होती. एक एक घडी ठेवल्याचा आवाज येत होता. घडी ठेवली की जड व्हायचं. हिशोब सरळ होता. इतके दिवस मी तो कुणाकडे तपासायला नेला नव्हता, इतकंच.

आणि मग एक गोष्ट मनात आली. ती मला अजिबात नको होती. आत्ता इथे लिहितानाही नको आहे.

उठून पाळकबाईंकडे गेलो. त्या भाजी निवडत होत्या.

"तुमच्या प्रश्नाचं उत्तर आणलंय," मी म्हटलं. "तसं काही आजवर कधी आलंच नव्हतं. आज आलं."

"काय आलं?"

"त्या मुलाकडे जायचं. माझं चुकलं म्हणायचं. आणि हिला हसऱ्या तोंडानं पाठवायचं."

"मग?"

"मग हे देवाचं की माझं, ते तुम्ही तपासा. माझ्यावर भरवसा ठेवू नका. मला गेल्या रविवारी शांतीसुद्धा वाटली होती, तीही कागद आणून त्याची अब्रू घ्यायची ठरवल्यावर."

पाळकबाई हसल्या, मग हसायच्या थांबल्या. विळी बाजूला सारली. "यात तुमचा काही फायदा दिसतोय का?"

"एकही नाही."

"त्या मुलीचा?"

"तिचा आहे."

"आणि हे खरं बोलणं आहे, माफी मागणं आहे, माया करणं आहे. प्रभूनं शिकवलेल्यातलं यात काही मोडतं?"

"नाही."

"मग माझ्यापेक्षा मोठ्यानं आधीच तपासून ठेवलंय हे. या, दोघं प्रार्थना करू. आणि लगेच जा. घरी गेलात तर मन पुन्हा काहीतरी वेगळं सांगेल."

बॅटरीवाल्याची भाड्याची खोली जिना चढून वर आहे. दारात मला बघून तो वाकला. त्याच्या स्वतःच्या दाराची चौकट उंच आहे, वाकायची गरज नव्हती. तेव्हा कळलं, सवयच आहे त्याची.

"तुझं यंत्र बरोबर होतं," मी म्हटलं.

"हो काका."

"मग माझ्या तोंडावर का नाही बोललास?"

"ऐकलं असतंत?"

विचार केला. "नसतं ऐकलं."

"म्हणून," तो म्हणाला. मग म्हणाला, "आणि खरं सांगू? इतकी निगा राखलेली वजनं मी कुठे पाहिली नाहीत. खोटी म्हणायला जीभच उचलेना."

माझं चुकलं, हे वाक्य त्यानंतर म्हटलं. लहान वाक्य आहे. त्याच्या खोलीत एकच खुर्ची आहे आणि तिचा एक पाय आखूड. खाली पुठ्ठा घालून दिला.

२२ फेब्रुवारी, रविवार

तिसरी सूचना. "कोणाची रास्त हरकत असेल तर त्यानं उभं राहून सांगावी."

मी उभा राहिलो.

मुलीला रात्रीच सगळं सांगायचं ठरवलं होतं. पण ती ड्यूटीवर होती आणि सकाळी थेट चर्चलाच आली. त्यामुळे तिला काहीच ठाऊक नव्हतं. तिचा चेहरा पांढरा पडला.

"माझी हरकत होती," मी म्हटलं. "ती देवाची आहे असं मी सांगत फिरलो. ती माझी होती. आता नाही. एवढंच."

पाळकबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "काटेमास्तर, हरकत नसलेल्यांनी बसून राहायचं असतं."

मागून कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच. मी बसलो. मुलीनं माझा हात धरला आणि गीत संपेपर्यंत सोडला नाही. त्यामुळे गीतांचं पुस्तक एका हातात धरावं लागलं आणि पान उलटता आलं नाही. दुसरं कडवं मी पाठच म्हटलं. एके ठिकाणी चुकलो.

२८ फेब्रुवारी, शनिवार

लग्न झालं. बॅटरीवाल्याच्या कोटाची बाही थोडी आखूड होती. बाकी सगळं नीट झालं. हसऱ्या तोंडानं पाठवायचं ठरलं होतं. बस वळेपर्यंत हसत उभा होतो.

७ मार्च, शनिवार

वजनं कार्यालयातून परत आली. तळाशी नवं शिसं, त्यावर शिक्का. बरोबर हातमोजेवाल्या बाईनं एक मऊ ब्रश पाठवलाय. फक्त धूळ झटकायची, बाकी काही करायचं नाही. झटकली. त्याला कितीसा वेळ लागणार? पेटी मिटली तेव्हा अख्खी संध्याकाळ शिल्लक होती.

खळग्यांतल्या कागदाच्या घड्या काढून टाकल्या. वजनं सैल हलतात. हलू देत. पुढच्या मुदतीला पुन्हा नेऊन दाखवायची आहेत, तारीख भिंतीवर लिहून ठेवलीय.

सूप केलं. गाजर बारीक चिरलं. भांडं उतरवल्यावर लक्षात आलं, नेहमीच्याच मापानं झालंय. खुंटीवर एकच किल्ली आहे. रेडिओ लावला, बंद केला.

मुलीचा फोन आला.

"बरे आहात ना बाबा?"

देवाच्या कृपेनं सगळं ठीक, असं तोंडावर आलं होतं. म्हणजे शब्द तयारच होते. पण ते म्हणण्याआधी थांबलो.

"नाही गं," मी म्हटलं. "करमत नाही मला."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"मलाही, बाबा," ती म्हणाली.

मग तिनं विचारलं, सूप कशाचं केलंय. मी सांगितलं. दोघांपुरतं झालंय, हेही सांगितलं.